चार बोटं जास्त

बहिणीचं चित्र भावानं कापलं, आणि तेही प्रेमानं. ज्याच्यावर रागवायचं त्यानं आधीच माया केलेली असली, की राग दुप्पट होतो.

भावाचं फ्रेमचं दुकान होतं. गल्लीत त्याला फ्रेमवालाच म्हणत. काचेचे तुकडे, पुठ्ठ्याच्या कडा, वाकडे खिळे, त्याच्याकडे कशालाही नोकरी लागे. धाकटी बहीण चित्रकार. तिला गल्लीनं ‘ठिणगी’ नाव ठेवलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत कोणात नव्हती.

रस्ता संपतो तिथून काळे कडे थेट समुद्रात उतरत. बसायला वाळू नाही, फिरायला वाट नाही, त्यामुळे तिकडे ठिणगीशिवाय कुणी फिरकत नसे. कित्येक वर्षं ती तेच कडे रंगवत होती आणि दर वेळी चित्राचं गुळगुळीत कॅलेंडर होई. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की डाव्या टोकाला खडकात एक अरुंद घळ आहे. लाट आत शिरे, कोंडे आणि तोफेसारखी बाहेर फुटे. बाकीचे सगळे खडक त्या घळीपासून अंग चोरून उभे होते. तिनं रंगात खडकाचाच चुरा कालवला, सुरीनं थापला आणि कॅनव्हासच्या अगदी डाव्या कडेला ती काळी घळ उभी केली. बस्स, चित्र जागं झालं.

कलादालनानं ते प्रदर्शनासाठी निवडलं. तिचं पहिलंच. अट एवढीच, की चित्र फ्रेम करून सोमवारी पोचवायचं. फ्रेमवाला घरचाच. तिनं चित्र त्याच्या हवाली केलं आणि निर्धास्त झाली.

शनिवारी न्यायला गेली, तर चित्र सागवानी फ्रेममध्ये चकचकत होतं. समोर आत्या बसली होती.

“काय शोभतंय गं,” आत्या म्हणाली. “कसं शांत वाटतं बघून.”

शांत? ठिणगीनं डावी कड पाहिली. घळ गायब. फोटोवाल्यानं ‘जरा सरका’ म्हटल्यासारखे खडक उगाच वाकडे उभे होते.

“दादा, घळ कुठंय?”

“कुठली घळ?”

“डावीकडची! काळी!”

“ती कड होय! अगं, ही फ्रेम एक गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही. अस्सल सागवान. खास तुझ्यासाठी ठेवली होती. चित्र चार बोटं जास्त भरलं, एवढंच.”

“मग मागे दुमडायचंस!”

“दुमडलं असतं तर तुझा तो जाड रंग तडकला असता. मी काय नवखा आहे? पट्टी लावून सरळ कापलं. बघ, एक धागा निघालाय का?”

धागा खरंच निघाला नव्हता. हिशेब मांडला तर जमेला सागवान होतं आणि नावे अख्खा समुद्र.

“तुकडा दे.”

फ्रेमवाला रंधा पुसू लागला.

“दादा, तुकडा.”

“फोटो हलू नये म्हणून मागून कोपऱ्यांत जाडसर काहीतरी घालावंच लागतं,” तो रंध्याकडे बघत म्हणाला. “एका लग्नाच्या फोटोंची ऑर्डर होती. सकाळीच गेली.”

“माझ्या चित्राच्या पाचरी केल्यास?”

“चित्राच्या कुठे, कडेच्या! मधलं सगळं शाबूत आहे.”

“तुझं नाक कापते आणि म्हणते, बाकी तोंड शाबूत आहे!”

“अगं, पाठवून दे की,” आत्या मध्ये पडली. “कुणाला कळणारय?”

“मला!”

“मी प्रेमानं केलं गं,” फ्रेमवाला म्हणाला.

“तेच तर! दुश्मनानं निदान बघून कापलं असतं.”

तिनं तिथूनच कलादालनाला फोन लावला आणि चित्र येणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं, तर म्हणाली, “घरच्यांनी आवरून ठेवलं.”

सोमवारी सकाळी तिनं नवा कॅनव्हास काखेत मारला आणि फ्रेमवाल्याला दुकानातून मनगट धरून बाहेर काढलं. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

कड्यावर वारा असा, की कॅनव्हासचं शीड झालं. फ्रेमवाल्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. सगळा जन्म या गावात काढून तो इथे पहिल्यांदाच येत होता. ठिणगीनं सुरी उचलली आणि या वेळी घळ ऐन मधोमध घेतली. कुणाची कापायची छाती होते बघू. रंग थापताना ती असा जोर लावत होती, की फ्रेमवाला मागे सरकत होता.

लाट आत शिरली, कोंडली, फुटली. फ्रेमवाल्याचा चष्मा, सदरा, सगळं चिंब.

“केवढा आवाज आहे गं हा!” तो ओरडला.

“हाच कापलास तू!”

आणखी एक लाट फुटली, तेव्हा त्यानं मान वळवून घळीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग सवयीनं त्याची नजर कॅनव्हासच्या कडांवरून फिरली.

“याला फ्रेमची पट्टी जरा रुंद...”

“पट्टीचं नाव काढलंस तर इथूनच ढकलीन!”

“आणि कॅनव्हास कोण धरील?”

“म्हणून तर अजून उभा आहेस,” ती म्हणाली, आणि सुरीभर काळा रंग तिनं त्याच्या छातीसमोर सणसणून थापला.