उंदरांना आधी

हर्षदाने आईला समजावण्याचा हा चौथा रविवार. गोडादऱ्यातल्या आईबाबांच्या दोन खोल्यांत तिचं डोकं पुन्हा तापलं होतं.

"आई, मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. ते जोड घट्ट की सैल, यात पेशीतल्या बारक्या आरएनएचाही हात असतो. तो स्वतः काही बनवत नाही, बनवणाऱ्याला थांबवतो. बाबांच्या कारखान्यातला मास्तर एक दोरा विणत नव्हता, पण लूम बंद करायचा ना? तसा. मी प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या उंदरांच्या पेशींवर तेवढंच बघते. औषध नाही ते."

"उंदीरसले आधी देस, बापले नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

पीएचडीच्या चार वर्षांत परीक्षकांनीही तिला इतकं छळलं नव्हतं. खाटेवर तिचे वडील राघो शर्टाचं एकच बटण लावत-काढत बसले होते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता. गोळ्यांनी तो बरा होणार नव्हता, घसरण जरा हळू होणार होती. पण हल्ली ती भराभर चालली होती. परवा तर ते वाट चुकून पर्वत पाटियाच्या चौकात सापडले.

गोळी द्यावी म्हणून तिने डबा उघडला. पाकिटं भरलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"हे काय?"

"तीन महिना व्हयनात, बंद करी दिन्यात," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुनं औषध येनार व्हतं. दोन औषधं पोटमा भांडतीन ना."

हर्षदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझं औषध येणार, असं सांगितलं कोणी तुला?"

"निंबामामाना पोरना लगीनमा मी सगळासले सांगं, मनी पोर बापकरता औषध काढी ऱ्हायनी. तू बाजूलेच उभी व्हती."

हर्षदा उभी होती खरी, आणि हसतही होती. "तसं नाही गं" एवढं म्हणायचं राहून गेलं होतं. राहून गेलं कसलं, चारचौघांत ऐकायला बरं वाटत होतं म्हणून तिने राहू दिलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"औषध नाहीये, आई. निघालंच तर दुसऱ्या कुणाच्या बापासाठी, वीसेक वर्षांनी. या गोळ्या उद्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करू."

प्रमिलाबाईंनी तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"गोळ्या दिसू मी त्यासले. पन तीन महिनामा जे गयं, ते परत ई ना?"

जोडांबद्दल एवढं शिकलेल्या हर्षदाला याचं उत्तर ठाऊक होतं. तिने आईचा हात धरला आणि पहिल्यांदाच, कसलंही उदाहरण न देता, नाही म्हणाली.