तबला थांबल्यावर

"ताई, तुम्ही पहिल्या परीक्षेत नापास झाला होतात, हे खरंय का?"

तनयाने एका दमात विचारून टाकलं आणि घुंगरांची घट्ट बसलेली गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधायला घेतली. मागे दिपाली आणि मृणाली भिंतीला टेकून इतक्या साळसूदपणे बसल्या होत्या, की जणू या प्रश्नाशी त्यांचा काडीचा संबंध नसावा. पैज त्यांनीच लावली होती. विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. नववीतल्या मुलीने अशा पैजेला पाठ दाखवली, तर वर्गात तोंड कसं दाखवायचं?

चंद्राताईंचा कथकचा क्लास निजामपुऱ्यात, त्यांच्या वडिलांच्या लूमच्या कारखान्यावरच्या माडीवर भरायचा. खाली कापड विणणारे लूम दिवसभर खटखटायचे, म्हणून वर सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. त्यामुळे तनयाचा प्रश्न कोपऱ्यातल्या सगळ्यात छोट्या मुलीलाही नीट ऐकू गेला.

"खरंय," ताई म्हणाल्या. "दिपालीच्या आईने सांगितलं ना? एकाच बाकावर होतो आम्ही. तिला म्हणावं, तू गणितात कितीदा नापास झालीस तेही सांग."

वर्ग खो खो हसला. दिपालीने ओढणीत तोंड लपवलं.

मग ताईंनी सगळंच सांगितलं. त्या याच माडीवर शिकल्या. खालच्या लूममुळे फरशी सतत थरथरायची, आणि त्या थरथरीवर त्यांचे पाय आपोआप पडायचे. त्यांना वाटायचं, लय आपल्या अंगातच आहे. ठाण्याला परीक्षेत परीक्षकांनी मध्येच तबला थांबवायला सांगितला. म्हणाले, साथीशिवाय नुसत्या पायांनी तत्कार करून दाखव. हॉलमध्ये एकदम शांतता. ताईंचे पाय जागच्या जागी थांबले. परीक्षकांना वाटलं, पोरगी विसरली.

"घरी येऊन जेवले नाही. तर बाबा काय म्हणाले?" ताईंनी खाली कारखान्याकडे बोट दाखवलं. "म्हणाले, 'आतापोतर लूम तुला नाचवीत व्हता, पोरी. आता तू नाच.'"

पुढचं तनयाला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. ताईंचे बाबा, काळूरामशेठ, रोज संध्याकाळी शिफ्ट बदलताना कामगारांना चहा पाजायचे आणि चहा संपेपर्यंत लूम बंद ठेवायचे. तेवढ्या शांततेत ताईंनी पाय घोटवले. पुढल्या वर्षी पास झाल्या, मग विशारद, मग मुंबई-पुण्याचे रंगमंच, ठाण्याच्या मोठ्या संस्थेतली नोकरी. ती सोडून त्या परत याच माडीवर का आल्या, हे मात्र कुणाला कळलं नव्हतं. तनयाने तेही विचारलं. आता भीड चेपलीच होती.

"ठाण्यात शिकवायला पुष्कळ जण आहेत गं," ताई म्हणाल्या. "चला, उभ्या राहा."

परीक्षेला बसणाऱ्या मुलींना ताई आधी एका रविवारी दापोड्याला न्यायच्या. त्यांचा भाऊ हिरामण याचं तिथे गोदाम होतं. एक कंपनी गेली आणि दुसरी यायची असली, की ते रिकामं असायचं. या वेळी हिरामणची धाकटी मुलगी भाविकाही टेम्पोत चढून बसली.

आत सिमेंटची थंडगार जमीन आणि उंच पत्रे. ना तबला, ना लूम. ताईंनी खूण केली आणि तनयाने तत्कार सुरू केला. दोन आवर्तनं बरी गेली. मग पाय घाई करू लागले, एकमेकांत अडकले आणि थांबले. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. दिपाली हसली नाही, हे तिला जास्त लागलं. घरी ठरलं होतं, ही परीक्षा झाली की दहावीसाठी नाच बंद. म्हणजे शेवट असा होणार तर.

"दीदी, मला पण शिकव," भाविका तिची ओढणी ओढत म्हणाली.

तनयाने ताईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात उरलेल्या एका गठ्ठ्यावर बसून राहिल्या, उठल्या नाहीत. मग तनयानेच भाविकाचा हात धरला, तिच्या तळव्यावर टाळी देत बोल म्हणायला सुरुवात केली. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. इवल्याशा पावलांना जमेल इतकं सावकाश. भाविका चुकली, खिदळली, पुन्हा चुकली. तनया बोल म्हणत राहिली. हळूहळू ते छोटे पाय जागेवर पडायला लागले, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपलेही पाय केव्हापासून चालताहेत. गोदामभर फक्त तिचा आवाज घुमत होता.

परतताना टेम्पोत ताई म्हणाल्या, "माझे कार्यक्रम असले की छोट्यांचा शनिवारचा वर्ग बुडतो. घेशील? घरी विचारून सांग."

ठाण्याला परीक्षकांनी तबला थांबवलाच. तनयाचे ओठ हलले आणि पाय चालले.

निकालाच्या दिवशी बाबा बँकेतून येताना पेढे घेऊन आले. प्रथम श्रेणी. त्यांनी पेढा भरवून तिची पाठ थोपटली. आईने घुंगरं जुन्या साडीत गुंडाळायला घेतली. माळ्यावर जागा करून झाली होती. आता वर्षभर फक्त अभ्यास, ती म्हणाली.

तनयाने तोंडातला पेढा संपवला. मग आईच्या हातातून ते गाठोडं अलगद काढून घेतलं.

"ताईंनी घरी विचारून सांग म्हटलं होतं. मी टेम्पोतच हो म्हणाले," ती म्हणाली. तिचा आवाज माडीवरच्यासारखाच मोठा लागला, पण तिने तो खाली आणला नाही. "शनिवारी छोट्या मुलींचा वर्ग मी घेणार आहे. आणि दहावीसुद्धा मीच देणार आहे, बाबा. दोन्हींचं मी बघते."