द्वारकाकाकूंचं बोट

निवडीच्या दिवशी सकाळी द्वारकाकाकूंच्या डाव्या हाताची तर्जनी नव्हती. दुखत नव्हतं, रक्तही नव्हतं. जिथं बोट असायचं तिथली कातडी गुळगुळीत होती, जन्मापासून चारच बोटं असावीत तशी. काकूंना हे कळलं ते गिरणीत. पहिलं दळण पडायला लागलं, त्यांनी सवयीनं पीठ चिमटीत धरायला हात पुढे केला आणि चिमूट झालीच नाही. काकू डावखुऱ्या. पीठ बारीक की जाडं, हे गेली चौतीस वर्षं त्यांना तेच बोट सांगत आलं होतं. त्यांनी गिरणी बंद केली. पारखल्याशिवाय कुणाच्या डब्यात पीठ घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

खालच्या आळीत चौकशी केली तर घरोघरी तोच प्रकार. ज्यांच्या दारावर पक्षाचा कंदील रंगवलेला नव्हता, त्यांचंच बोट गेलं होतं, आणि तेही शाई लावायचं. लोक चहा पीत होते आणि कप उरलेल्या बोटांनी धरत होते. कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. काकूंना मात्र राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

त्याचं कारण असं. कोंढरी गावात कंदील पक्ष ज्याला उभा करतो तोच नगराध्यक्ष होतो. नंतरची निवडणूक म्हणजे हार घालण्यापुरती. त्यामुळे खरं मत आजचं, पक्षाच्या कचेरीतलं. उमेदवारीला दोघं होती. एक आबासाहेब इंगवले. त्यांच्या पंधरा वर्षांत पाण्याची पाइपलाइन त्यांच्या म्हशींच्या हौदापर्यंत आली आणि तिथूनच मागं वळली. दुसरी मालन सुतार. ती म्हणाली होती, पहिला नळ खालच्या आळीला. काकू चौतीस वर्षं डोक्यावर पाणी आणत होत्या, अलीकडं त्या हौदावरून. त्यांना मालनला मत द्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

दारावर कंदील का नव्हता, तर सासूबाईंनी गिरणी हातात देताना एकच अट घातली होती. गिरणीत सगळ्यांचं दळण येतं, तेव्हा गिरणीवालीनं कुठला रंग घेऊ नये, तो पिठात उतरतो. काकूंनी शब्द पाळला होता.

कंदील पक्षाच्या कचेरीचं दार चार हात आणि वर एक बोट रुंद होतं. आत विनायक फरांदे बसला होता, पक्षाचा चिटणीस, काकूंच्या गिरणीच्या पिठावर वाढलेला. त्याच्यासमोर अंड्यांचे ट्रे होते आणि प्रत्येक खळग्यात एकेक बोट उभं होतं. काकूंनी आपलं लगेच ओळखलं. नखात पीठ होतं.

"माझं बोट दे."

"देता येत न्हाई, काकू. बंद निवड हाय. मत फकस्त पक्षाच्या माणसाला."

दार हातभर आत सरकलं. दोघांनी तिकडं पाहिलं आणि पुन्हा एकमेकांकडं.

"मग कर मला पक्षाची. आत्ता."

"न्हाई जमत. नोंदणी काल संपली."

"काल कचेरी बंद होती."

"व्हती ना. बंद असतानाच संपली."

दार आणखी हातभर आत आलं. काकूंनी पदर खोचला.

"बोट माझं हाय, इनायका. ते मत तुमच्या पक्षाचं असंल. पण उद्या माझ्या आळीत नळ येणार का न्हाई, ते आज तू हितं ठरवणार. मग मी कवा इचारायचं?"

"निवडणुकीत या की."

"तवा कोण उभं असंल?"

"आज निवडला जाईल त्यो."

"मग आज इचारू दे."

"न्हाई, काकू."

तिसऱ्यांदा दार सरकलं. आता हातभर आणि वर एक बोट एवढीच वाट उरली होती. काकू अंगानं मूठभर, त्या आडव्या होऊन बाहेर पडल्या. बाहेर आल्यावर त्यांना जाणवलं, की इतकी वर्षं हे दार रुंद होतं ते कुणी काही विचारलं नव्हतं म्हणून.

समोर शिडी पक्षाची कचेरी होती. तिला भिंतीच नव्हत्या. तिथंही निवड होती, पण खुली. कुणीही यावं, कुठल्याही बोटाला शाई लावून घ्यावी आणि मत द्यावं. काकूंना बरं वाटलं. मग त्यांनी उमेदवार पाहिले. एका खुर्चीवर पोस्टातून निवृत्त झालेले बर्गे बसले होते. दुसऱ्या खुर्चीवर एक ओला टॉवेल होता. टॉवेलला तीनशे बारा मतं होती, बर्ग्यांना नऊ. रांगेत सगळी वरच्या आळीची, इंगवल्यांची माणसं. बर्ग्यांनी काकूंना नमस्कार केला आणि टॉवेलखाली साचलेलं पाणी पायानं बाजूला सारलं.

"टॉवेलला का देताय?" काकूंनी रांगेतल्या एकाला विचारलं.

"टॉवेल उभा ऱ्हायला की आबांना पुढं तरास न्हाई."

"आन् तुमच्या पक्षातलं मत?"

"तिकडं डबा ठिवलाय की."

काकूंनी मागं वळून पाहिलं. कंदील पक्षाच्या दारापासून पिंपळापर्यंत रांग लागली होती आणि तीत एकही माणूस नव्हता. नुसते डबे. झाकणांवर रंगानं नावं. गिरणीत नंबर लावायची ही कोंढरीची जुनी रीत. डबा ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचं. डब्याचा नंबर तो माणसाचा नंबर, त्यावर कुणी तक्रार करायची नाही.

"इथं शाई लावून घेता का?" शिडीवाल्यानं विचारलं. "एकदा लागली की तिकडं चालत नाही."

"ह्यांचं चालतंय."

"ह्यांचे डबे आहेत."

काकू त्या रांगेकडं बघत हसल्या. डब्यांची रांग कशी चालते हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? त्या रांगेच्या कडेनं चालत गेल्या. दारातून आतलं दिसत होतं. डबा आत ओढला जाई, विनायक झाकणावरचं नाव वाची, झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी वाची. आबासाहेबांना एक दाब, मालनला दोन. आता डब्याला बोट कुठलं? म्हणून तो ट्रेमधलं एक उचली, शाईत बुडवी आणि पिठात दाबी. काकूंचं बोट सगळ्यात चांगलं चालत असावं. ते मनगटाकडच्या टोकापर्यंत काळं झालं होतं. सकाळपासून ते एकेकदाच दाबलं जात होतं.

काकू गिरणीत परतल्या. इंगवल्यांचा डबा पहाटेच येऊन पडला होता, लग्नकार्याचा, हातभर रुंद आणि कमरेएवढा उंच. त्यांनी त्यातली ज्वारी स्वच्छ पोत्यावर ओतली, एक दाणा सांडू दिला नाही. दळण झालं की हाच डबा रांगेत जायचा होता. झाकणाच्या आत चिठ्ठी होती, 'एक'. ती त्यांनी तशीच ठेवली, दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावायचा नसतो. मग गिरणीच्या दगडाखाली साचलेलं पीठ गोळा केलं. प्रत्येक दळणातलं थोडं तिथं राहतंच, गहू, बाजरी, नाचणी, वरच्या आळीचं, खालच्या आळीचं. त्या पिठाला मालक नव्हता.

डबा त्यांनी ओढत रांगेच्या शेवटी नेला, आत बसल्या, पीठ डोक्यावरून ओतून घेतलं आणि झाकण लावलं. पिठात श्वास घ्यायची त्यांना सवय होती. रांग पुढं सरकत होती आणि त्यांना भीती वाटत नव्हती. उलट इतका शांत दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

डबा दारातून खरडत आत गेला.

"आबासाहेब इंगवले," विनायकनं वाचलं. "हजर." झाकण उघडलं. "एक."

पिठातून बोट खाली आलं. काकूंनी ते कपाळावर ओळखलं. त्यांनी उरलेल्या नऊ बोटांनी ते धरलं, वर नेलं आणि सगळ्यांच्या त्या पिठात पुन्हा एकदा दाबलं.

"दोन," काकू पिठातून म्हणाल्या.

विनायकनं बोट ओढलं. काकूंनी सोडलं नाही. पीठ हळूहळू काळं होत होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच, ते कसं दळलं गेलंय हे त्या बोटाला कळत होतं.

"न्हाई, काकू," विनायक म्हणाला.

दार हातभर आत सरकलं, आणि जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट उरली.