वा न म्हणण्याची सूचना

गिरिधरला त्या संध्याकाळी एकच हवं होतं. बाखच्या एकट्या व्हायोलिनच्या रचनेतला शेवटचा, पंधरा मिनिटांचा भाग त्याला पुरता ऐकायचा होता. अकरा वर्षांपूर्वी रेडिओवर तो लागला होता आणि निम्म्यावरच खरखरीत बुडाला होता. रेल्वे कचेरीतला हा कारकून तेव्हापासून उरलेल्या अर्ध्यासाठी झुरत होता. १९७३ साली एक नावाजलेला जर्मन वादक या बाजूला येतोय म्हटल्यावर त्याने संगीत मंडळाच्या चिटणिसाचे उंबरे झिजवले आणि कार्यक्रम ठरवून घेतला.

मग त्याने धास्ती घेतली ती आपल्याच लोकांची. नागपूरचा श्रोता गप्प कुठला बसायला! मान डोलवणार, मांडीवर ताल धरणार, जागा आवडली की 'वा' म्हणणार. पाहुण्यापुढे शोभा नको, म्हणून गिरिधर दारातच उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला बजावू लागला, की दाद नाही, टाळी नाही, हूं की चूं नाही. तबल्याचे जुने मास्तर महादेवराव, त्यांनाही त्याने सोडलं नाही. थोरल्या बहिणीला, यमुताईला, तर खोकल्याची गोळी देऊन बसवलं.

लोकांनी शब्द पाळला. पाहुणा असा वाजवत होता, की एका व्हायोलिनमधून दोघं बोलताहेत असं वाटावं. महादेवरावांचा हात मांडीवरून उठे आणि गिरिधरचे डोळे पाहून खाली जाई. यमुताईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. चौथा भाग संपला. गिरिधर पुढे सरकून बसला, कारण आता तोच भाग होता. पाहुण्याने समोरच्या तीनशे ठोकळ्यांकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि तो आत निघून गेला. टाळी वाजवायची की नाही म्हणून सगळे गिरिधरकडे पाहू लागले, आणि गिरिधर रिकाम्या मंचाकडे.

तो आत धावला. व्हायोलिन पेटीत गेलं होतं. शेवटचा भाग का गाळला, असं त्याने कचेरीच्या इंग्रजीत विचारलं.

"काल जबलपुरात लोक मधे मधे बोलत होते, माना हलवत होते," पाहुणा सौजन्याने म्हणाला. "तिथे मी तो दोनदा वाजवला. इथे सगळे कंटाळलेले दिसले. तुम्हाला आणखी छळावंसं वाटेना."

गिरिधरने सगळं सांगितलं, हात जोडले. पण मोटार दाराशी लागली होती आणि विमान थांबणार नव्हतं.

बाहेर महादेवराव वाट अडवून उभे होते. घडलेलं ऐकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कंटाळलो? जीव कासावीस झाला गा माझा. पहिल्याच जागेले 'वा' ओठावर आलं होतं. काहून दाबलं तू आमाले?"

गिरिधरला भयंकर संताप आला होता, आणि तो काढायला स्वतःखेरीज कोणी नव्हतं. मागून यमुताई आली. तिने पदर अजून तोंडाशीच धरला होता.

"आता बोललं तं चालते का रे?" तिने हळूच विचारलं.