फ्लोचा बासष्टावा दिवस

मर्डो लेंगच्या फ्लोला बासष्टावा दिवस लागलाय, हे आमच्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. लोकर कातरायच्या शेडच्या दारावर त्याने खडूने तसं लिहूनच ठेवलं होतं: कुत्रीला नर दाखवल्याची तारीख, नराचं नाव आणि कुत्री विते त्या त्रेसष्टाव्या दिवसाभोवती एक गोल. नर म्हणजे रॉय, मेंढरं हाकण्याच्या स्पर्धेत न्यूझीलंडभरात तीनदा पहिला आलेला, दक्षिण बेटावरून खास बोटीने आणवलेला. पिल्लं पोटात असतानाच पाच मेंढपाळांना शब्द देऊन झाला होता. मर्डो आमच्या स्पर्धा मंडळाचा अध्यक्ष, तेव्हा सगळं रीतीला धरून.

सकाळी त्याची बायको नेरोली माझ्या कुंपणापाशी आली. "डेस, तू तरी याला सांग. काल सकाळी फ्लोच्या अंगाची ऊब एकदम उतरली. मी स्वतः थर्मामीटर लावला. म्हणजे चोवीस तासांत कळा यायला हव्यात. आज पारा परत वर, कळांचा पत्ता नाही, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलीय."

"अजून एक दिवस आहे," मर्डो मागून म्हणाला. "दारावर लिहिलंय."

"तिला वाचता येतं का?"

मर्डोने शीळ घातली. फ्लो उठली नाही. पाच वर्षांत प्रथमच. तो गाडीची किल्ली आणायला गेला.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं बरंच होतं, म्हणूनच. माझा कुत्रा बोसन भुंकून मेंढरं हाकणाऱ्या जातीचा. त्यातलं भुंकणं त्याला येतं. रॉय यायच्या बरोबर आठवडाभर आधी, एका बुधवारी, तो ओढ्याकाठी चक्क गप्प होता, म्हणून मी बघायला गेलो. बघितलं आणि परत आलो. तीस वर्षांचा शेजार. असली गोष्ट फोनवर कशी सांगणार? समोरासमोर तर त्याहून नाही.

आमच्याकडे कुत्री गाडीच्या मागच्या हौद्यात बसतात. त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्याकडे जाताना पुढे फ्लो बसली आणि हौद्यात मी.

डॉक्टर मेरेआना टाइपाने पोटावर यंत्र फिरवलं. "पिल्लांचे ठोके जरा मंद आहेत. तारीख पक्की ना, मर्डो? बासष्टावाच असेल तर संध्याकाळपर्यंत वाट बघू, घाईने काढली तर पिल्लांची फुप्फुसं कच्ची निघतील. पण दिवस उलटून गेले असतील, तर आत्ता पोट उघडायला हवं. थांबलं तर हिचंही खरं नाही."

"बासष्ट," मर्डो म्हणाला.

टेबलावर फ्लो थरथरत होती.

"एकोणसत्तर," मी म्हणालो. "बुधवारी. ओढ्याकाठी. माझा बोसन."

बाजारात मेंढीचे दात बघावेत तसं मर्डोने मला निरखलं.

"सत्तर," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारी. पंपाच्या खोपटामागे. तू बघितलंस ती दुसरी खेप."

"तुला माहीत होतं?" नेरोली म्हणाली. "मग दारावर काय काढत होतास, नक्षी?"

"रॉयची बोट ठरली होती. आणि डेसला उगाच ओशाळं वाटलं असतं."

"कुत्री मरायला टेकली तरी तुम्ही एकमेकांना ओशाळं वाटू देऊ नका हं!"

"भांडण बाहेर," डॉक्टर म्हणाली. "सत्तर. नक्की? आणखी कुणाला सोमवार आठवतोय का?"

कुणालाच आठवत नव्हता. ती हात धुवायला गेली.

पाच पिल्लं निघाली. एक गेलं होतं. एक श्वास घेईना. मर्डो ते टॉवेलात चोळत राहिला, इतका वेळ की डॉक्टरनेही बघणं सोडलं. मग ते शिंकलं.

दोन काळी-पांढरी, दोन थेट बोसनसारखी, तांबूस, विटेसारख्या डोक्याची.

"एका वेतात दोन बाप असतात?" मी विचारलं.

"असू शकतात. रक्त तपासलं तर कळेल."

"नको," मर्डो म्हणाला. मग काळी-पांढरी दोन पुन्हा एकदा बघून, "तपासायला किती दिवस लागतात?"

फ्लो शुद्धीवर आली. तिने चारही पिल्लं हुंगली, चौघांनाही सारखंच चाटलं.

"डोळे कधी उघडतील?" मर्डोने विचारलं.

"दोन आठवड्यांनी."

"आजपासून मोज," नेरोली म्हणाली. "आजचं सगळ्यांनी बघितलंय."