डिम्फ्नाची हाक

रविवारी दुपारी मॉसीच्या पबमध्ये अख्खा गाव सेनानचा बँड ऐकायला लोटला होता. डिम्फ्नाही आली होती, पण तिला गाण्याबजावण्यात काडीचा रस नव्हता. तिला भावाला गाठायचं होतं. आईला उचलून उचलून तिला हर्निया झाला होता आणि मंगळवारी लिमरिक शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन होतं. याआधीची तारीख अशीच गेली होती, कारण आईजवळ थांबायला माणूस नव्हता. आईला अर्धांगवायू होऊन अकरा वर्षं झाली. तेवढी वर्षं सेनान फोनवर म्हणत आला, “बघू गं, हा दौरा संपू दे.” याचे दौरे काही संपत नव्हते. आजही कार्यक्रम आटोपला की तो गाडीत वाद्यं टाकून स्कॉटलंडच्या बोटीला जाणार होता. आज सुटला तर सुटला.

तिने चहाच घेतला. काळ्या बिअरचा एक घोट पोटात गेला असता तर ती तिथेच आडवी झाली असती. खिडकीपाशी बँडमधले पाचही जण रंगात आले होते. फिडल आणि बासरी एकमेकींच्या मागे धावत होत्या, बाउरान नावाच्या डफाच्या कातड्यावर टिपरी नाचत होती, आणि मध्यभागी सेनान डोळे मिटून अकॉर्डियन फुलवत होता. वाजवायचा सुरेखच, त्यात खोट नव्हती. लोक पायाने ठेका धरून “वा रे पठ्ठ्या!” ओरडत होते आणि डिम्फ्ना पेंगत होती. तिला कुणी नुसतं रिकामं पोतं दिलं असतं तरी ती त्यावर झोपली असती.

मध्यंतरात तिने त्याला बारपाशी धरलं. भोवती चाहत्यांचा गराडा होताच.

“सेनान, मंगळवारचं काय?”

“अगं डिम्फ, किती वाळलीस! काही खातेस की नाही?”

“मंगळवारचं विचारतेय मी.”

“आज नको ना. आज वाजवू दे. फोन करतो, नक्की.” आणि तो तिच्या खांद्यावर थोपटून दुसऱ्या कुणाशी हसायला वळलाही.

वेळ मारून नेण्यात तो लहानपणापासूनच पटाईत. भांडावं म्हटलं तर अंगात त्राण नव्हतं. शेजारीण आईजवळ सहापर्यंतच बसणार होती. डिम्फ्ना निमूट जागेवर जाऊन बसली.

उत्तरार्धात सेनानने अकॉर्डियन खाली ठेवलं. “हे गाणं माझ्या आईचं,” तो म्हणाला. “तिची आठवण येत नाही असा माझा एक दिवस जात नाही.” मग त्याने साथीशिवाय गाणं म्हटलं आणि शेवटची ओळ, तिथल्या रीतीप्रमाणे, न गाता नुसती बोलून टाकली. बायकांनी डोळे पुसले. डिम्फ्नाला रडू येईना. आईची आठवण काढण्याइतकी फुरसत तिला कधी मिळालीच नव्हती.

“आता हाक तुझी, सेनान!” मॉसी बारमागून गरजला.

जो गायला त्याने पुढच्याला हाक द्यायची, आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही, हा तिथला जुना कायदा. सेनानने खोलीभर नजर फिरवली. बहिणीला खूश करायचा याहून स्वस्त मार्ग त्याला सापडला नसता. “आमच्या घरातला खरा आवाज तिकडे कोपऱ्यात लपून बसलाय. डिम्फ्ना!”

“माझा गळा गेलाय रे.”

“ते चालायचं नाही!” चहूकडून गलका झाला. शेवटी पोटावर हात दाबत ती उठली. एकच कडवं म्हटलं. सूर बरोबर लागला, पण आवाज मध्येच फाटला. लोकांनी समजून घेतलं, टाळ्या दिल्या.

“हाक कुणाला, डिम्फ्ना?” मॉसीने विचारलं.

ती बसायच्या बेतात होती. ती थांबली.

“सेनानला.”

“अगं, तो आत्ताच गायला की!”

“गाणं नकोय मला.” तिचा आवाज चढला नाही. चढवायला लागतं ते बळच नव्हतं. “मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. त्याने महिनाभर घरी राहायचं. आईला उठवायचं, धुवायचं, भरवायचं. ही माझी हाक.”

सेनान हसला. “हाक गाण्याची असते गं, वेडे.”

“असं कुणी सांगितलं?” म्हातारा ॲटी कीन खेकसला. “मला हाक आली तेव्हा मी नाचलो. आपल्या फादरनी तर विनोद सांगितला होता, तोही पाचकळ.”

“हाक आली म्हणजे आली,” मॉसी म्हणाला.

सेनानने बँडकडे पाहिलं. फिडलवाली आपल्या वाद्याच्या खुंट्या पिळण्यात गुंग झाली. त्याने लोकांकडे पाहिलं. ज्यांना त्याने आत्ताच आईच्या नावाने रडवलं होतं, ते सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

“बरं,” तो म्हणाला. “राहतो.”

खोली दणाणली. लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. “वा रे पठ्ठ्या! मुलगा असावा तर असा!” कुणी त्याच्यासाठी बिअर सांगितली, कुणी पाठ थोपटली. एका बाईने तर त्याच्या गालाचा मुका घेतला. अकरा वर्षांत डिम्फ्नासाठी यातली एक टाळी कुणी वाजवली नव्हती, आताही तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळा भाव तोच खाऊन गेला. तिला राग आला. मग वाटलं, घेऊ दे. तिला टाळ्या नको होत्या, तिला झोप हवी होती.

गर्दीतून वाट काढत सेनान तिच्याजवळ आला. चेहरा लोकांसाठी हसरा ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, “डिम्फ, अख्खा महिना? स्कॉटलंडचे कार्यक्रम ठरलेत गं.”

“टाळ्या घेतल्यास ना?” ती म्हणाली, आणि खाली बसली.