चोवीस मीटरचं झाड

नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे कलमबाई म्हणत. नियमावलीतलं कुठलं कलम कितव्या पानावर आहे हे त्यांना पाठ होतं, आणि समोरच्याला ते नसायचं, यातच त्यांचा अर्धा आनंद होता. घरी मात्र त्यांचं एकही कलम चालत नसे. घर सासूबाईंचं होतं.

त्यांच्या गल्लीत मोबाइलला रेंज औषधालाही नव्हती. सासूबाईंची धाकटी बहीण परगावी राहायची. तिच्याशी बोलायला सासूबाई गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहायच्या, आणि बहिणीच्या सुनेची गोष्ट ऐन रंगात आली की नेमका फोन तुटायचा.

"तुझ्या ऑफिसातून साधा एक टॉवर होत नाही?" त्या विचारत.

"अर्ज आला तर होईल, आई."

अर्ज आला. वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत चोवीस मीटरचा मनोरा. अर्ज घेऊन आलेला कंपनीचा इंजिनिअर हसतमुख होता आणि सदा घाईत. कलमबाईंनी त्याची फाइल तीनदा परत पाठवली. आधी शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर कमी होतं म्हणून, मग नकाशावर उत्तर दिशा पूर्वेला गेली होती म्हणून, आणि शेवटी वस्तीतला मनोरा 'परिसराशी मिळताजुळता' हवा म्हणून.

"मनोरा परिसराशी कसा जुळवायचा, मॅडम?"

"कलम एवढंच म्हणतं. परिसरात वाचनालय आहे, झाडं आहेत, माझ्या सासूबाई आहेत. बघा, कशाशी जुळतंय ते."

चौथ्यांदा तो झाडाचं चित्र घेऊन आला. खोडाला तपकिरी रंग, वर प्लास्टिकच्या पानांच्या फांद्या आणि त्यांच्याआड अँटेना. 'बांधकामाचे स्वरूप' या रकान्यात त्याने घाईघाईत एकच शब्द लिहिला होता: वृक्ष. कलमबाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिथे 'वृक्षासारखे' हवं होतं. तरी त्या सही करून मोकळ्या झाल्या.

महिन्याभरात झाड उभं राहिलं. गल्लीतली खरी झाडं दुमजली घराएवढी, आणि हे मात्र फोटोत पहिल्याच रांगेत उंच माणूस येऊन उभा राहावा तसं. कावळ्यांनी दोन दिवस चकरा मारल्या आणि नाद सोडला. सासूबाई आता कोचावर पाय पसरून बोलू लागल्या. बहिणीच्या सुनेची गोष्ट अखेर शेवटपर्यंत ऐकायला मिळाली, पण त्यात सुनेची काही चूक नव्हती असं निघाल्यामुळे त्या दोन दिवस नाराज होत्या.

मग कंपनीचं पत्र आलं. उंचीत तीन मीटरपर्यंतची वाढ म्हणजे किरकोळ बदल, त्याला परवानगी नको, नुसतं कळवलं की पुरे, असं कलम होतं. कंपनीने कळवलं आणि तीन मीटर वाढवले. तीन महिन्यांनी पुन्हा कळवलं, पुन्हा वाढवले. वाढीव भागाला पानं लावायची तसदी कुणी घेतली नाही. झाडाला वर चक्क टक्कल पडलं. मग तिसरं पत्र आलं.

"असं तीन-तीन मीटरने माणूस चंद्रावर जाईल," कलमबाई साहेबांना म्हणाल्या.

"किती वेळा ते कलमात कुठे लिहिलंय?" साहेब म्हणाले आणि पत्र त्यांच्याच टेबलावर परत आलं.

कलमाने कलमबाईंना तोंडावर पाडण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही. दुपारी त्या खालच्या मजल्यावर उद्यान विभागात गेल्या. तिथे झाडांची मोजणी करणारे एक गृहस्थ होते, झाडकाका. शहरातल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालणं हे त्यांचं काम.

"काका, वाचनालयामागचं एक झाड तुमच्या यादीत नाही."

"ते? ते लोखंडी आहे."

कलमबाईंनी अर्जाची झेरॉक्स पुढे सरकवली. काकांनी रकाना वाचला. त्यांच्या मिशा हलल्या.

"कागद तर पक्का आहे. जात कुठली लिहू?"

"माहीत नसली की काय लिहिता?"

"अनोळखी."

"मग तेच लिहा."

"वय?"

"सात महिने."

"सात महिन्यांत तीस मीटर," काका लिहिता लिहिता म्हणाले. "खत चांगलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी खोडावर १४१७ हा आकडा झळकला. आठवड्याने तिसऱ्या वाढीसाठी वरच्या फांद्या उतरवायला कंपनीची माणसं आली, तर खाली काका खुर्ची टाकून बसलेले. फांदीला हात लावायचा तर वृक्ष समितीची परवानगी लागते, असं त्यांनी सांगितलं. इंजिनिअर तडक कलमबाईंकडे आला.

"मॅडम, ते झाड नाही."

"तुमच्या हस्ताक्षरात तर वृक्ष लिहिलंय."

"चूक झाली हो. 'सारखे' लिहायचं राहिलं."

"मग दुरुस्तीचा अर्ज करा. नव्वद दिवस लागतात."

तो साहेबांकडे गेला. साहेबांना काम दुसऱ्याच्या टेबलावर गेलं की बरं वाटायचं. त्यांनी फाइल उलटसुलट पाहिली आणि समाधानाने शेरा मारला: वृक्ष समितीकडे.

इंजिनिअरही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. झाडाला हात लावायचा नाही म्हणजे देखभालही करता येत नाही, सबब सेवा बंद ठेवत आहोत, असं पत्र देऊन त्याने मनोरा बंद केला. त्या संध्याकाळी कलमबाई घरी आल्या तेव्हा सासूबाई गच्चीवर टाकीला टेकून उभ्या होत्या.

"झाड आहे ना ते? मग हवं तर त्याला पाणी घाल," त्या म्हणाल्या, "पण माझा फोन सुरू कर."

तीन दिवस सासूबाई फक्त कामापुरतं बोलल्या. चौथ्या दिवशी समिती पाहणीला आली. सात सदस्यांनी झाडाला प्रदक्षिणा घातली. एकाने पान चुरगाळून वास घेतला. सर्वांत वयस्कर सदस्याने याला फुलं कधी येतात असं मनापासून विचारलं. काकांनी तेवढ्याच गांभीर्याने सांगितलं, "अजून लहान आहे."

इंजिनिअर कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसला. कलमबाई शेजारी येऊन बसल्या.

"मॅडम, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर. पण तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उंची इथेच थांबवा. टकलावर पानं लावा. आणि भोवती वीस रोपं लावा, खरी."

"आणि माझी दुरुस्ती?"

"संध्याकाळच्या आत होईल."

तशी ती झाली, आणि दिवेलागणीला सासूबाईंचा फोन वाजला. यादीतून क्रमांक काढायला मात्र काकांनी साफ नकार दिला. नाव कमी करायचं तर झाड पडावं लागतं, असा त्यांचा नियम. पुढच्या सभेत कलमबाईंनी किरकोळ बदलाच्या कलमात 'एकदाच' एवढा शब्द घालून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी नियमावलीत लिहिलेला तो एकमेव शब्द.

पावणेदोन महिन्यांनी इंजिनिअर दुसऱ्या वस्तीतल्या मनोऱ्याचा अर्ज घेऊन आला. कलमबाईंनी फाइल पहिल्यापासून वाचली, मग शेवटून वाचली. एक वेलांटीसुद्धा चुकली नव्हती. त्याने समोर बसून शांतपणे चहा संपवला. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि तो गेल्यावर उरलेली दुपार त्यांना फार लांब वाटली.